खंडेनवमीला गेलेलं स्टूल

अन्याय वैशालीवर झाला. तीन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला, सकाळच्या शिफ्टमध्ये, मशिनींची आरती आटोपून पेढ्यांचा खोका लाइनवरून फिरत होता तेव्हा. तिचं बसायचं स्टूल लाल चिठ्ठी बांधून भंगारात टाकलेलं होतं. वैशाली म्हणजे मी. पत्रकं लिहून लिहून ही सवय लागलीय. पहिल्याच ओळीत नाव आणि वेळ टाकायची, वाचणाऱ्याला पळवाट ठेवायची नाही. पत्रकात यानंतर मागण्या येतात. मला मात्र यानंतर झेंडू आठवतो.

परवा आकुर्डी स्टेशनाबाहेर यंदाचा पहिला टेम्पो दिसला. ताडपत्री अर्धवट सोडलेली, आत केशरी ढीग, आणि ओल्या पानांचा तो उग्र, औषधासारखा वास. माझ्या ओटीपोटात कळ आली. पाळीला अजून अवकाश होता, दुखायचं काही कारण नव्हतं. पण शरीराला कारण लागत नाही, वास पुरतो. मी तिथेच बसस्टॉपच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि लोक माझ्याकडे, ही पोरगी कुणाची वाट बघतेय, अशा नजरेने बघत पुढे गेले.

लोकांचा दसरा नवरात्र संपल्यावर येतो, आमच्या पट्ट्यातला गणपतीतच सुरू होतो. सगळ्या महाराष्ट्राला दसऱ्याला दारात नवी गाडी हवी असते. ती त्या दिवशी शोरूममध्ये उभी राहायची तर त्याआधी कितीतरी दिवस कारखान्यातून निघाली पाहिजे, आणि तिच्या पोटातल्या रंगीत तारांची जुडी त्याच्याही आधी आमच्या हातांतून गेली पाहिजे. मी चाकणला त्या तारांच्या लाइनवर होते. लाल, पिवळी, काळी, हिरवी-पांढरी. तार घ्यायची, मशिनीच्या दांड्याने प्लास्टिकच्या खटक्यात बसवायची, ओढून बघायची, टेप गुंडाळायची. सगळं उभ्याने. आठवड्याची सुट्टी रद्द, ओव्हरटाइम सक्तीचा नाही म्हणायचे, पण ‘नाही’ म्हणणारीचं तोंड लक्षात ठेवायचे. पाऊस मागे गेलेला असायचा आणि ऊन कातडीला चिकटायचं. पत्र्याच्या शेडमध्ये तापलेल्या प्लास्टिकचा गोडूस वास दुपारपर्यंत घशात जाऊन बसायचा. सीझनमध्ये खाडे पडले की दिवाळीनंतर त्या मुलीला परत बोलावत नसत. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

आणि मला दर महिन्याला खाडे पडत होते.

एंडोमेट्रिओसिस हा शब्द तोवर मी ऐकलेला नव्हता. मी ऐकलं होतं ते एवढंच, की बायकांना दुखतं. लाइनवर प्रत्येकीकडे माझ्यासाठी एक उपाय होता. ओवा चाव. हिंग बेंबीत लाव. एरंडेल घे. गूळ खा. गूळ अजिबात खाऊ नको. पालथी झोप. जिऱ्याचं पाणी पी, पण बसून पी. मी सगळं केलं, बसून पिण्याएवढा वेळ सोडून. चाकणच्या जुन्या गावात ज्यांच्याकडे मी खोली घेतली होती त्या काकू, त्यांची शेती कधीच कंपन्यांच्या खाली गेलेली, आता आठ खोल्यांचं भाडं मोजत ओट्यावर बसलेल्या असायच्या. त्यांचं मत पक्कं होतं.

“आगं, लगीन कर. थांबतंय.”

“काकू, पोट दुखतंय म्हणून नवरा करू?”

“मंग काय झालं? आमी न्हाई का केला? मला तर काई दुखत बी नव्हतं.”

त्या स्वतःच्याच बोलण्यावर हसायच्या, आणि मग आत जाऊन चुलीशेजारची वीट तापवून फडक्यात गुंडाळून आणायच्या. “घे. आदुगर हात लावून बघ, लय तापलीया. उगं कातडं भाजंल.” मी ती वीट पोटाशी धरून पडून राहायचे. खरं सांगते, सगळ्या उपायांत ती वीट पहिली होती जिने काहीतरी केलं. कळ जायची नाही. पण मुठीत आवळून धरलेलं काहीतरी आत सैल व्हायचं, आणि तेवढ्यात मला झोप लागायची.

खोलीत माझा एकटीचा पलंग नव्हता. अर्चना आणि मी एका पलंगावर राहत होतो आणि एकमेकींना जवळपास ओळखत नव्हतो. तिची कंपनी वेगळी, शिफ्ट उलटी. मी पहिल्या शिफ्टहून दुपारी यायचे तेव्हा ती ओढणीला पिना लावत दारात असायची. “पाणी आलं नव्हतं,” ती म्हणायची. “डबा धुऊन ठेवलाय,” मी म्हणायचे. एवढाच आमचा संसार. ती गेली की मी आडवी व्हायचे आणि गादीत तिच्या अंगाची ऊब असायची. दुखण्याच्या दिवसांत मी मुद्दाम त्याच खळग्यात पोट ठेवून झोपायचे. माणूस नव्हतं, नुसती ऊब होती. एकटं असणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्या खळग्याचा पत्ता सांगेन.

शेवटी एका दुपारी लाइनवरच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाई माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मला ‘लग्न झालंय का’ हे सगळ्यात शेवटी विचारलं, त्यावरूनच मला कळलं की ही बाई वेगळी आहे. तपासण्या झाल्या, पुन्हा बोलावलं, पुन्हा गेले. मग त्यांनी कागदावर पेनाने गर्भाशय काढून दाखवलं. आत जे अस्तर दर महिन्याला तयार होतं आणि गळून जातं, तसलंच अस्तर माझ्या पोटात बाहेर, भलत्या ठिकाणी वाढत होतं. तेही दर महिन्याला सुजायचं, रक्ताळायचं. त्याला बाहेर पडायला वाट नव्हती.

“म्हणजे मी नाटक करत नव्हते,” मी म्हणाले.

“कोण म्हणालं नाटक करतेस?”

मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “हा आजार एका गोळीने बरा होईल असं मी सांगणार नाही. सांभाळावा लागतो. गोळ्या सोडायच्या नाहीत. त्याच्या जोडीला शेक घे, रोज चाल, मैदा आणि तळलेलं कमी कर, श्वासाचे व्यायाम दाखवते ते कर, आणि झोप. रोज एकाच वेळी झोप.”

“कुठल्या शिफ्टच्या वेळी?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. हसल्या नाहीत. मग कागद पुढे ओढून त्यांनी लिहिलं, की हिला बसून काम द्यावं.

जीवनशैली बदला, असं सगळीकडे छापून येतं. जीवनशैली हा शब्द ज्याने काढला त्याला शिफ्ट नसणार. मी प्रयत्न केला नाही असं नाही. चालायला बाहेर पडले तर रस्त्यावर कंटेनरच्या रांगा, धूळ, आणि मागून येऊन मुद्दाम हळू होणाऱ्या बाइका. “एकटीच का, सोडू का कुठं?” म्हणून मी काकूंच्या उरलेल्या एका तुकड्यात चकरा मारायला लागले. तारेचं कुंपण, मध्ये एक बाभळ, भावकीतला दावा चालू म्हणून विकला न गेलेला तुकडा. काकू ओट्यावरून ओरडायच्या, “काय हरवलंय व्हय गं? रोज हुडकतीया!” कॅन्टीनमध्ये पाव आणि तेलाचा तवंग आलेला रस्सा, म्हणून मी ज्वारीची भाकरी आणि मेथी बांधून न्यायला लागले. लगेच नाव पडलं, डाएटवाली. श्वासाचे व्यायाम मी बसमध्ये करायचे. पोट सैल सोडून हळूहळू श्वास खाली न्यायचा, कंबरेच्या आत, जिथे सगळं आवळलेलं असतं तिथपर्यंत. शेजारची म्हणायची, “झोपलीस काय गं?” झोप तेवढी जमली नाही. आठवड्याला शिफ्ट बदलायची आणि शरीराला सकाळ कुठली नि रात्र कुठली हे कळेनासं व्हायचं. ज्या आठवड्यात झोप तुटली, त्यापुढची पाळी हमखास वाईट गेली. हे मी कुठे वाचलेलं नाही, अंगावर काढलंय.

स्टूल मिळवायला मला डॉक्टरांचा कागद घेऊन तीनदा ऑफिसात जावं लागलं. मिळालं ते गेटवरच्या केबिनमधलं, करड्या रंगाचं, लोखंडी. एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. पण ते स्टूल आलं आणि माझा महिना बदलला. कळ चढायला लागली की बसायचं, गुडघे जरा वर घ्यायचे, कॅन्टीनमधून भरून आणलेली गरम पाण्याची पिशवी एप्रनच्या आत सरकवायची, हात चालूच ठेवायचे. तार, खटका, ओढ, टेप. श्वास खाली न्यायचा. लाट यायची आणि माझ्यावरून जायची, मी वाहून जात नव्हते. गोळी, शेक, भाकरी, बाभळीभोवतीच्या चकरा, हे सगळं आधीही होतं. त्या सगळ्याला बूड मिळालं ते त्या स्टुलामुळे. त्या महिन्यात माझा एकही खाडा झाला नाही. मला वाटलं, हा सीझन मी काढणार. दिवाळीनंतर मला बोलावणार.

“राणीसरकार बसल्या का?” पहिल्या दिवशी हे गमतीत होतं. नंतर गंमत गेली. “आमाला काय पोट नाय का?” “तिला कागद हाय बाई, आपल्याला कोण देतंय.” “मलापण दुखतंय, मी बसू का तुझ्या मांडीवर?” टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बोलणं यायचं आणि मी मध्ये, सगळ्यांच्या खांद्यांच्या पातळीखाली बसलेली. उभ्या बायकांमध्ये एकटीनेच बसणं हे काय असतं ते बसल्याशिवाय कळत नाही. त्यांचा प्रश्न खरा होता. त्यांनाही दुखत होतं, त्यांच्याही पायांच्या शिरा सुजत होत्या, आणि ऑफिसने आख्ख्या लाइनीत एक स्टूल देऊन बाकीच्यांना माझ्यावर सोडलं होतं. पण तो प्रश्न त्या मला विचारत होत्या. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात जाऊन एकीनेही विचारला नाही.

खंडेनवमीच्या आधी आमच्याकडे साफसफाई असते. घराला दिवाळीची असते तशी कारखान्याला खंडेनवमीची. मशिनींना पुसून तेल देतात, पट्टे बदलतात, जमिनीवरच्या पिवळ्या रेघा नव्याने ओढतात. आणि लाल चिठ्ठ्या वाटतात. लाइनीवर जे जे लागत नाही, फुटके ट्रे, जुने हातमोजे, मोडके पंखे, त्याला चिठ्ठी बांधायची, मग ते मागच्या भंगारात जातं. चिठ्ठ्या साहेब लोक बांधत नाहीत. प्रत्येक लाइनला गठ्ठा देतात आणि सांगतात, तुमचं तुम्ही शोधा.

त्या सकाळी सगळ्या साड्या नेसून आल्या होत्या. मशिनींच्या मानेला झेंडूचे हार, पायाशी रांगोळी, हळदकुंकू. काही जणींची मुलंसुद्धा आली होती, आई कुठे काम करते ते बघायला. सुपरवायझर कदम सर नेहमीसारखे चांगल्या शर्टात. आरतीच्या आधी लाइन लीडर प्रत्येकीच्या कानाशी येऊन विचारत गेली, “अडचण आहे का गं?” मला होती. दुसरा दिवस होता. “मग जरा मागं थांब ना, आरती होईपर्यंत. हात लावू नको कशाला.” वाईट मनाने नाही म्हणाली. घरी म्हणतात तसंच म्हणाली. वर्षभर ज्या मशिनीचा दांडा मी पाळीत काय आणि एरवी काय ओढत होते, तिला त्या एका सकाळी माझा विटाळ होणार होता.

मी शेडच्या मागच्या दाराने बाहेर गेले. आत टाळ्या, घंटा. बाहेर ऑक्टोबरचं पांढरं ऊन, आणि भंगाराच्या ढिगावर, फुटक्या ट्रेच्या वर, माझं स्टूल. आखूड पायाखालचा पुठ्ठासुद्धा अजून चिकटलेला होता. पायाला लाल चिठ्ठी, सुतळीने नीट गाठ मारलेली. टेप गुंडाळणाऱ्या हातांची गाठ ओळखू येते. आमच्यातल्याच कुणाची तरी होती. कुणाची, ते मी शोधलं नाही. आजही शोधत नाही. आरती ऐकू येत होती आणि त्या आवाजात मला प्रत्येकीचा आवाज वेगळा करता येत होता, एवढं त्यांच्यात माझं आयुष्य गेलं होतं.

आरती संपल्यावर मी आत गेले. पेढे चालले होते.

“सर, माझं स्टूल मागं टाकलंय.”

“अगं, टॅग लागला ना त्याला. काल राउंड झाला, फोटो गेले वरती. आता परत आत आणलं तर माझ्यावर येईल.”

“डॉक्टरांचा कागद आहे, सर.”

“आहे ना. मी कुठं नाही म्हणतोय? सीझन होऊ दे, दिवाळीनंतर बघू. आणि हे बघ, सोमवारी योगाच्या मॅडम येणारेत लेडीजसाठी. तुझ्यासारख्यांसाठीच ठेवलंय. घे, पेढा घे.”

मी पेढा घेतला. हे मला अजून खटकतं, की हात आपोआप पुढे झाला.

सोमवारी योगाच्या मॅडम आल्या. छान होत्या. त्यांनी फुलपाखरासारखे पाय जुळवून बसायला शिकवलं, पोटाचा श्वास शिकवला, आणि ते खरंच उपयोगाचं आहे, मी आजही करते. मग घंटा झाली आणि आम्ही सगळ्या उठून पुन्हा उभ्या राहिलो.

तीन आठवडेही झाले नव्हते, दिवाळीच्या तोंडावर पाळी लवकर आली, ती लाइनवरच. मी टेबलाची कड धरून उभी होते. तारा दिसत होत्या, रंग कळत नव्हते. माझ्या उजव्या हाताला लता होती. लातूरकडची, चाळिशीची, आमच्यात फारशी न मिसळणारी, डब्याच्या वेळी मसाल्याचा वास सोडून जिचं काही मला माहीत नव्हतं. तिने काही न बोलता माझा तारांचा ट्रे आपल्याकडे ओढला.

“काय बघायलीस? जा, बस जा त्या खोक्यावर. दोन्ही ओढते मी.”

“सर बघतील.”

“बघू दे. बघायला काय जातंय त्याचं.”

“तुझं टार्गेट बुडेल, लताबाई.”

“बुडू दे. तू पडलीस तर तुला उचलायला अजून चौघी लागतील, मग तर सगळंच बुडलं. गप बस तिकडं.”

मी खोक्यावर बसले. पिशवी पोटाशी धरली. श्वास खाली नेला. मधल्या काळात लताचे हात दोघींचं काम करत होते, दात ओठावर दाबलेले, कपाळावरून घाम नाकापर्यंत आलेला. लाट गेली. मी उठून माझ्या जागेवर आले. ती सरकली. तिने ‘आता कसं वाटतंय’ असंही विचारलं नाही. त्या पाळीत तिने असं आणखी काही वेळा केलं, आणि सीझनच्या शेवटच्या दिवशी मीच तिला विचारलं, “सगळ्यांनी मला ओवा, हिंग सांगितलं. तू कधी काहीच नाही सांगितलंस.”

“तू खाल्लाच असशील की ओवा. मी अजून काय सांगू?”

दिवाळीनंतर आम्हा दोघींनाही बोलावलं नाही. माझे खाडे, तिचं टार्गेट. तिचा नंबर माझ्याकडे होता. फोन केला तर कुणीतरी पुरुष उचलायचा आणि ‘राँग नंबर’ म्हणायचा. नंतर तोही बंद झाला. गावाचं नाव तिने एकदा सांगितलं होतं, ते मला आठवत नाही. चाकणची खोली मी सोडली. अर्चनाला नीट निरोपही दिला नाही. ती कामावर होती, पलंगावर आता ती एकटी झोपेल एवढंच मनात आलं.

आता मी आकुर्डीला राहते. बायकांच्या संघटनेचं काम करते, गेटागेटावर पत्रकं वाटते. झोप बऱ्यापैकी वेळेवर होते, कारण शिफ्ट नाही. पहाटे चालायला जाते. भाकरी चालू आहे, गोळ्या चालू आहेत, तपासण्या वेळेवर करते. दुखणं गेलेलं नाही, हाताळता येतं. काही महिने असे येतात की काहीच हाताळता येत नाही, मग दुपारी पडदा ओढून मी पिशवी घेऊन पडते आणि खालच्या बोळातून भाजीवाल्याचा आवाज येतो, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या येतात, आणि जगाला माझ्यावाचून काही अडलेलं नसतं. हात मोडला तर प्लास्टर दिसतं. ताप आला तर कपाळाला हात लावता येतो. याला हात कुठे लावणार? म्हणून कुणी लावत नाही.

सभांमध्ये मुली येतात आणि हळूच विचारतात, “ताई, काहीतरी नैसर्गिक सांगा ना. गोळ्या नको वाटतात.” मी सांगते. शेक, चालणं, झोप, हलकं खाणं, श्वास, आणि यातलं काहीही डॉक्टरऐवजी नाही, डॉक्टरच्या जोडीला. खोटी आशा मी देत नाही. मग मी विचारते, “तू अर्धा तास आडवी झालीस तर तुझं काम कोण करेल?” इतक्या सभा झाल्या, या प्रश्नाला अजून एकीनेही नाव घेऊन उत्तर दिलेलं नाही. सासू, नवरा, भाऊ, शेजारची, लाइनवरची, कुणीच नाही.

म्हणून ही मागणी तुमच्याकडे आहे. हे वाचताय म्हणजे तुम्ही आत्ता बसलेले आहात. तुमच्या घरात, वर्गात, ऑफिसात, कारखान्यात एक जण ओठ दाबून, टेबलाची नाहीतर ओट्याची कड धरून उभी आहे. तुम्हाला ती माहीत आहे. तिला ओवा सांगू नका, लग्न सांगू नका, तुमच्या मावशीचं काय झालं ते सांगू नका, किती दुखतंय ते विचारू नका. उठा, तिच्या हातातलं काम काढून घ्या आणि ती परत येईपर्यंत तिच्या जागेवर उभे राहा.